‘राजा आली’: हत्शेपसूतच्या मागावर सहा दिवस

इजिप्तला जाणाऱ्यांच्या यादीत पिरॅमिड, तूतनखामुन आणि नाईलवरची बोट ठरलेली असते. हा जानेवारीतला प्रवास मात्र एकाच व्यक्तीभोवती आखलेला होता. ती हत्शेपसूत, अठराव्या राजवंशातली फॅरो. पहिल्या थुतमोसची मुलगी, दुसऱ्या थुतमोसची राणी आणि लहानग्या तिसऱ्या थुतमोसची सावत्र आई. पोराच्या नावानं कारभार पाहता पाहता काही वर्षांतच तिनं स्वतःच्या डोक्यावर राजमुकुट चढवला. इ.स.पू. 1479 ते 1458 हा तिचा साधारण काळ. तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तिचं नाव आणि चित्रं भिंतीभिंतीवरून खरवडली गेली. त्यामुळे तिला पाहायला जायचं म्हणजे अर्धं पाहायचं आणि अर्धं शोधायचं.

शोधायला चार चिन्हं पुरतात. निघण्याआधी ती वहीत दहा-दहा वेळा काढा. राजाचं नाव नेहमी एका लंबगोल कड्यात असतं, त्याला कार्टूश म्हणतात. हत्शेपसूतच्या राजनामात, म्हणजे ‘माअतकारे’मध्ये, तीन चिन्हं येतात: वर सूर्याचं वर्तुळ, मग डोक्यावर पीस लावून बसलेली माअत देवी आणि वर उचललेले दोन हात. तिसऱ्या थुतमोसच्या कार्टूशात सूर्याखाली सोंगट्यांचा पट आणि शेणकिडा असतो. या दोघांतला फरक कळला की निम्मं काम झालं.

चौथं चिन्ह सगळ्यांत छोटं आणि सगळ्यांत मोलाचं आहे: पावाचा अर्धगोल. त्याचा उच्चार ‘त’ आणि तो स्त्रीलिंगी प्रत्यय. राजाच्या दुसऱ्या कार्टूशच्या वरच्या बाजूला बदक आणि सूर्य कोरलेले असतात, त्याचा अर्थ ‘रा देवाचा मुलगा’. त्या बदकाशेजारी पावाचा अर्धगोल दिसला की तो ‘मुलगा’ नसून ‘मुलगी’ असते. चित्रात दाढी, उघडी छाती, पुरुषी कमरवस्त्र आणि मजकुरात मात्र स्त्रीलिंग. चित्रलिपी उलगडणारा फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों 1829 मध्ये देर अल-बहरीला, तिच्या देवळापाशी, पोचला तेव्हा या दाढीवाल्या राजाची नामं आणि क्रियापदं स्त्रीलिंगी कशी, या कोड्यात पडला होता. मराठी वाचणाऱ्याला ही गंमत लगेच कळते, कारण आपलं क्रियापदही लिंगाप्रमाणे वळतं. ‘राजा आली, राजानं देऊळ बांधलं, राजा देवासमोर उभी राहिली.’ तिच्या भिंती नेमक्या अशाच बोलतात.

दिवस पहिला: कैरो, तहरीर चौक

1902 मध्ये उघडलेलं गुलाबी इमारतीतलं जुनं संग्रहालय. सकाळी दारं उघडतानाच आत शिरावं. अकरानंतर शाळांच्या सहली आणि मोठे गट येतात, मग काचेसमोर उभं राहायला जागा मिळत नाही. प्रकाश वरच्या काचांमधून येतो, त्यामुळे ढगाळ दिवशी खालच्या मजल्यावरचं कोरीवकाम पुसट दिसतं. गिझाच्या नव्या मोठ्या संग्रहालयामुळे वस्तूंच्या जागा बदलत आहेत. म्हणून हव्या त्या वस्तूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि दाखवून विचारावं. इथले पहारेकरी क्रमांकापेक्षा चित्र चटकन ओळखतात.

इथे तिच्या चार गोष्टी पाहायच्या. पहिली, रंगवलेलं चुनखडीचं मस्तक. हे देर अल-बहरीच्या देवळातल्या उभ्या पुतळ्याचं आहे. त्वचा तांबूस रंगवलेली. इजिप्शियन चित्रात पुरुष तांबडा आणि स्त्री पिवळी असा संकेत होता. तिच्या सुरुवातीच्या पुतळ्यांवर पिवळा, मग नारिंगी आणि शेवटी तांबडा रंग येतो, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. राजेपण एका दिवसात आलं नाही, ते थरांनी चढत गेलं, हे या रंगांवरून कळतं. दुसरी, आयाळवाला छोटा स्फिंक्स. डोक्यावर राजाचं पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र नाही, चेहऱ्याभोवती थेट सिंहाची आयाळ आहे. ही घडण बाराव्या राजवंशातल्या तिसऱ्या अमेनेमहातच्या स्फिंक्सांवरून घेतलेली. आपण जुन्या राजांच्या ओळीतलेच आहोत, हे तिला दगडातून सांगायचं होतं.

तिसरी, सेनेनमुतचा ठोकळ्यासारखा पुतळा. सेनेनमुत तिचा कारभारी. तिच्या मोठ्या बांधकामांची देखरेखही त्याच्याकडे होती. पुतळ्यात तो गुडघे जवळ घेऊन बसला आहे आणि त्याच्या हनुवटीखालून एक लहान डोकं बाहेर डोकावतं. ती राजकन्या नेफेरुरे, हत्शेपसूतची मुलगी. नातवाला शालीत गुंडाळून बसलेल्या आजोबांची आठवण यावी, इतकं ते घरगुती आहे. चौथी, तिनं जहाजं पाठवली त्या दक्षिणेकडच्या पुंत देशाच्या राणीचा दगड. तो मूळचा देवळाच्या भिंतीतला. चोरीला गेला होता, परत मिळाल्यावर संग्रहालयात ठेवला आणि भिंतीत त्याची प्रतिकृती बसवली.

जेवायला कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, तळलेला कांदा आणि टोमॅटोचा रस्सा. शेजारी लसूण-व्हिनेगरची बाटली असते, ती सढळ हातानं ओता. तिखट वेगळं मागावं लागतं आणि ते आपल्याला सोसण्याइतपतच असतं. शाकाहारी मंडळींनी ‘सियामी’ हा शब्द लक्षात ठेवावा. कॉप्टिक ख्रिश्चनांच्या उपवासाचं हे जेवण, त्यात मांस, दूध, अंडं नसतं. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर कोंबडीचा रस्सा येऊ शकतो, ‘सियामी’ म्हटल्यावर घोटाळा होत नाही.

दिवस दुसरा: लक्सर, कार्नाक

सकाळच्या विमानानं तासाभरात लक्सर. सामान टाकलं की दुपार टळेपर्यंत थांबावं आणि तीनच्या सुमारास कार्नाकला, म्हणजे आमून देवाच्या प्रचंड देवळात, जावं. उन्हं तिरपी झाल्याशिवाय उथळ कोरीवकाम दिसत नाही. 134 खांबांच्या मंडपात सगळे माना वर करून उभे असतात. तिथून सरळ पुढे चालत राहा. आधी पहिल्या थुतमोसचा ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा उंच, टोकदार खांब लागतो, आणि त्याच्यामागे, चौथ्या आणि पाचव्या दरवाजांच्या मध्ये, त्याच्या मुलीचा.

अखंड लाल ग्रॅनाइट, उंची सुमारे साडेएकोणतीस मीटर, वजन तीनशे टनांहून जास्त. तिच्या काळात तो सोन्या-चांदीच्या मिश्रधातूनं मढवलेला होता. जोत्यावरच्या लेखात ती सांगते की खाणीत काम सुरू झाल्यापासून ते पुरं होईपर्यंत सात महिने लागले. त्याच लेखात पुढे एक जागा आहे, जी वाचल्यावर या बाईबद्दलचं कुतूहल थांबतच नाही. पुढे कैक वर्षांनी हे पाहणारी माणसं काय म्हणतील, या विचारानं आपलं मन इकडे-तिकडे हेलकावतं, असं ती लिहिते. राजांच्या लेखांत विजय असतात, दानं असतात, शाप असतात. अशी हुरहुर सहसा नसते.

ओबेलिस्कच्या खालच्या भागाकडे नीट पाहा. एका उंचीनंतर दगडाचा रंग बदलतो. तिसऱ्या थुतमोसनं त्याच्याभोवती भिंत बांधून खालचा भाग झाकला होता, आणि झाकलेला भाग उन्हावाऱ्यापासून वाचला. जोडीचा दुसरा ओबेलिस्क कोसळला. त्याचं टोक पवित्र तलावाजवळ, मोठ्या शेणकिड्याच्या शिल्पाशेजारी आडवं ठेवलं आहे. गर्दी शेणकिड्याभोवती प्रदक्षिणा घालते आणि या टोकाकडे पाठ करते. खरं तर उभ्या ओबेलिस्कवर जे तीस मीटर उंचीवर आहे ते इथे डोळ्यांसमोर येतं. हत्शेपसूत गुडघ्यावर बसली आहे आणि आमून देव तिच्या मुकुटाला हात लावतो आहे. आमूनची आकृती, त्याची पूजा बंद पाडणाऱ्या अखेनातेन राजाच्या काळात खोडली गेली आणि नंतर पुन्हा कोरली, म्हणून तिथला पृष्ठभाग थोडा खोलगट लागतो.

गाभाऱ्याच्या उत्तरेकडच्या खोल्यांत तिच्या रिकाम्या सावल्या आहेत. दोन्ही बाजूंना दोन देव कलश धरून उभे, त्यांतून जीवनचिन्हांच्या धारा वाहताहेत, आणि मध्ये माणसाच्या आकाराचा नुसता टाचलेला दगड. कडा इतक्या काटेकोर, की खोडणाऱ्यानंच तिची आकृती जपल्यासारखं वाटतं. तिथला एक म्हातारा पहारेकरी खिशातल्या आरशाच्या तुकड्यानं उजेड वळवून भिंतीवर कडेनं टाकत होता. ही युक्ती फार कामाची आहे. समोरून टाकलेल्या उजेडात कोरीवकाम सपाट दिसतं, कडेनं टाकलेल्या उजेडात उठून येतं. असं कोणी दाखवलं की बक्षीस द्यायचा रिवाज आहे. सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. दोरीपलीकडे चला म्हणणाऱ्याला मात्र हसून नकार द्या.

शेवटचा तास खुल्या संग्रहालयासाठी राखा. ते उत्तरेकडच्या बाजूला आहे, वेगळं तिकीट लागू शकतं, आणि तिकीट मुख्य दारावरच घ्यावं लागतं. आत येऊन आठवलं तर पुन्हा बाहेर जाण्यात अर्धा तास जातो. तिथे तिचं ‘लाल मंदिर’ पुन्हा उभारलं आहे. खाली काळा दगड, वर लाल क्वार्टझाइट. तिसऱ्या थुतमोसनं ते उतरवलं, पुढे त्याचे दगड इतर बांधकामांच्या भरावात गेले. शेकडो दगड मिळाले तरी ते रचायचे कसे हा प्रश्न पुष्कळ वर्षं सुटत नव्हता, कारण जवळपास प्रत्येक दगडावर आपापलं पूर्ण चित्र आहे, ते शेजारच्या दगडावर जात नाही. अखेर गेल्या शतकाच्या अखेरीस जुळणी झाली. भिंतींवर आमूनच्या नौकेची मिरवणूक आहे, वीणेसारखं वाद्य वाजवणारा आहे, मागे कमान टाकणाऱ्या कसरती करणाऱ्या बायका आहेत. पुढेमागे दोन राजे चालताना दिसतात, अगदी सारखे. कोणता कोण हे कार्टूशच सांगतं, आणि बहुतेक वेळा पुढे तीच असते. इथे वहीतली चार चिन्हं उघडून बसावं. शिकायला याहून सोपी जागा नाही.

दिवस तिसरा: देर अल-बहरी

पहाटे नाईल ओलांडायला स्थानिक फेरी, पाच-दहा मिनिटांची. थंडी चांगलीच होती, नदीवर धुकं. पलीकडे आकाशात गरम हवेचे फुगे वर चढत होते. पश्चिम तीरावरच्या एका घरगुती खानावळीत न्याहारीला फूल, तामेया आणि ऐश शम्सी. फूल म्हणजे शिजवून घोटलेला बाकल्याचा घट्ट रस्सा, तामेया म्हणजे त्याच बाकल्याचे कोथिंबीर घातलेले वडे. ऐश शम्सी हा वरच्या इजिप्तचा जाडजूड पाव, पीठ उन्हात ठेवून फुगवतात म्हणून ‘शम्सी’. इजिप्तच्या अरबीत ‘ऐश’ म्हणजे पाव, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ जगणं. वाढणाऱ्या बाईनं पाव मधून कापून पालथा ठेवला तेव्हा ताटात हुबेहूब तो ‘त’ पडला होता.

देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळी सहाच्या सुमारास दार उघडतं, आणि पहिल्या दोन तासांत सूर्य समोरून ओवऱ्यांच्या आत शिरतो. दहानंतर मागचा कडा तापतो आणि अंगणात सावलीचा तुकडाही उरत नाही. माणशी दीड लिटर पाणी जवळ हवं. तिकिटं कार्डानं, रोकड घेतीलच असं नाही. दारापासून देवळापर्यंत विजेवरची छोटी गाडी असते, पण चालत गेलात तर कड्यासमोर हळूहळू उलगडणारे तीन मजले दिसतात. शेजारी दुसऱ्या मेंतुहोतेपचं सुमारे पाचशे वर्षं आधीचं देऊळ आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेची कल्पना तिथून घेतली आणि मग त्याच्या पुष्कळ पुढे नेली.

चढणीच्या पायथ्याशी कुंपणात झाडांचे वाळके बुंधे दिसतात. ‘पुंतहून आणलेली धूपाची झाडं’ म्हणून ते दाखवले जातात. ते पर्सिया झाडाचे आहेत. पुंतची झाडं भिंतीवर आहेत.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. आधी सगळ्यांत खालची, डावीकडची ओवरी. लोक ती ओलांडून वर धावतात. तिथे अस्वानहून ओबेलिस्क आणल्याचं चित्र आहे: एका प्रचंड नावेवर दोन ओबेलिस्क, बुडखे एकमेकांकडे करून, आणि पुढे वल्ह्यांच्या होड्या तीन रांगांत नाव ओढताहेत. झीज फार झाली आहे, म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हातच पाहा.

मधल्या मजल्यावर डावीकडे पुंतची सफर. राजवटीच्या नवव्या वर्षी पाच जहाजं तांबड्या समुद्रातून दक्षिणेला गेली. पुंत म्हणजे आजच्या सुदान-इरिट्रिया ते सोमालियाच्या पट्ट्यातला प्रदेश असावा. शिडी लावलेली, खांबांवरची घरं, पुंतचा प्रमुख परेहू आणि त्याची स्थूल बायको अती, खाली गाढव, आणि ते राणीसाठी आहे असा मजकूर. टोपलीत मुळांसकट झाडं कावडीनं वाहणारी माणसं. लेखात 31 जिवंत झाडांचा उल्लेख आहे. सगळ्यांत सुंदर भाग मात्र जहाजांखालचं पाणी. मासे नुसते शोभेचे नाहीत, तांबड्या समुद्रातल्या जाती ओळखता येतात. म्हणजे त्या सफरीत कुणीतरी पाहून काढणारा होता. चित्र उथळ आहे, दोरीपासून दूर आहे, म्हणून छोटी दुर्बीण आणा. आठ पटीची पुरते.

त्याच ओवरीच्या टोकाला हाथोर देवीचं मंदिर, गायीचे कान असलेल्या चेहऱ्याच्या खांबांचं. आतल्या कोनाड्यांत, दार उघडल्यावर झाकलं जाईल अशा जागी, सेनेनमुतनं स्वतःची छोटी आकृती कोरून घेतली होती.

उजवीकडची ओवरी जन्मकथेची. आमून देव पहिल्या थुतमोसचं रूप घेऊन राणी अहमोसेकडे येतो. मग ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर बाळ आणि त्याचा ‘का’, म्हणजे त्याची जीवनशक्ती, घडवतो. बाळं मुलग्यांसारखी दिसतात, मजकूर मुलीबद्दल आहे. राज्यावर हक्क सांगण्यासाठी रचलेली ही कथा, आणि म्हणूनच ती इतकी खरवडलेली आहे. इथे चित्रापेक्षा खाडाखोड वाचायला शिका. पुष्कळ ठिकाणी तिचं नाव खोडून पहिल्या किंवा दुसऱ्या थुतमोसचं घातलं आहे, पण आजूबाजूच्या ‘त’कडे बदलणाऱ्याचं लक्ष गेलं नाही. कार्टूशात पुरुष, वाक्यात बाई. तिथे बोट दाखवून सांगितल्यावर शेजारच्या स्पॅनिश गटाची वाटाडी थांबली, तिनं सगळ्यांना तो अर्धगोल दाखवला आणि पुढची पंधरा मिनिटं वीस माणसं भिंतीवर पाव शोधत होती.

अगदी टोकाचं अनुबिस देवाचं मंदिर चुकवू नका, रंग इथे सर्वांत ताजे आहेत. वरच्या मजल्यावर हात छातीवर घेतलेले उभे पुतळे. त्यांतले बरेच तुकड्यांतून जोडलेले, आणि ते काम 1961 पासून इथे काम करणाऱ्या पोलिश-इजिप्शियन पथकाचं.

पुतळे का तोडले, याबद्दल सूडाची गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगेल. ती पूर्ण पटत नाही. तिसऱ्या थुतमोसच्या राजवटीच्या शेवटच्या काळात, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी खाडाखोड सुरू झाली. सूड इतका थांबत नाही. वारसाहक्काची ओळ सरळ बापाकडून मुलाकडे दाखवायची गरज, हे कारण जास्त पटतं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर पुष्कळ पुतळे मान, कंबर आणि गुडघे अशा ठरावीक ठिकाणी तोडल्याचं दाखवलं आहे. जुन्या राजांचे पुतळेही असेच, त्यांची शक्ती काढून घेण्यासाठी, ‘निवृत्त’ केले जात. 1920 च्या दशकात हर्बर्ट विन्लॉक यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठी इथल्या खड्ड्यांतून तुकडे काढले आणि जोडले. त्यामुळे तिचे काही उत्तम पुतळे तिथे आहेत. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना इजिप्तला न जाताही तिच्या दालनात एक दुपार घालवता येईल. स्त्रीच्या वेषातली, राजवस्त्र डोक्यावर घेतलेली बसलेली मूर्ती आधी पाहा.

दिवस चौथा: राजांची दरी

तिची कबर, केव्ही 20, लोकांसाठी बंद आहे. तरी दरीच्या पूर्व टोकाला जाऊन जागा पाहावी. त्याच कड्याच्या पलीकडच्या अंगाला कालचं देऊळ आहे. बोगदा दोनशे मीटरांहून लांब, वळत वळत खाली जातो. 1903-04 मध्ये ब्रिटिश उत्खननकार हॉवर्ड कार्टरनं तो उपसला. खडक इतका ठिसूळ की भिंतीवर कोरणं अशक्य, म्हणून मजकूर चुनखडीच्या लाद्यांवर लिहून आत नेला होता. आत दोन शवपेट्या सापडल्या. तिची कैरोला आहे. दुसरीही तिच्यासाठीच घडवलेली, पण नंतर वडिलांसाठी बदललेली. ती बॉस्टनला गेली.

तिसऱ्या थुतमोसची कबर उघडी असेल तर चढा. लोखंडी जिना उंच आहे, पुन्हा आत उतरणं आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी टाळावं. आतली हवा दमट. दफनाची खोली कार्टूशच्या आकाराची आणि भिंतीवर रेघोट्यांची माणसं, जणू मोठी पोथी उलगडून लावली आहे. संध्याकाळी लक्सर संग्रहालयात त्याच राजाचा गुळगुळीत दगडी पुतळा पाहा. चेहरा तिच्या पुतळ्यांशी इतका जुळतो की क्षणभर चिन्हं शोधावीशी वाटतात.

पेय: थंड करकदे. आपल्याकडच्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.

दिवस पाचवा: अस्वान

रेल्वेनं तीन तास. शहरालगतच्या खाणीत अर्धवट ओबेलिस्क आडवा पडला आहे. सुमारे 42 मीटर लांब, हजार टनांहून जड. बहुतेक अभ्यासक तो तिच्याच काळातला मानतात. ग्रॅनाइट छिन्नीनं कापत नव्हते. डोलेराइटचे कठीण गोटे दोन्ही हातांनी आपटून दगडाचा चुरा करत आणि तो झाडून काढत. बाजूच्या चरात उतरून पाहिलं की भिंतीवर ओळीनं उथळ वाट्यांसारखे खळगे दिसतात. एक खळगा म्हणजे एका माणसाची बसायची जागा. तीन बाजू जवळजवळ पुऱ्या झाल्या होत्या, आणि मग भेग गेली. ओबेलिस्क लहान करून वाचवायचा प्रयत्न झाल्याच्या खुणाही आहेत. कार्नाकचे सात महिने काय होते, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. सावली नाही. सकाळीच या, आणि चपला नकोत, बूट हवेत. गुळगुळीत ग्रॅनाइटवर वाळू असली की पाय घसरतो.

दिवस सहावा: पुन्हा कैरो, फुस्तात

परतीचं विमान रात्री, म्हणून दुपार राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयासाठी. 3 एप्रिल 2021 रोजी तहरीर चौकातून 22 राजममी मिरवणुकीनं इथे आणल्या, त्यांत हत्शेपसूतची मानली जाणारी ममीही होती. दालन जमिनीखाली, उतरत्या वाटेनं जायचं, उजेड मंद. फोटोला बंदी आहे आणि बोलणंही हळू.

केव्ही 60 या छोट्या, अनलंकृत कबरीत कार्टरला 1903 मध्ये दोन स्त्रिया सापडल्या होत्या. एक दाई सित्रे-इन. दुसरी जमिनीवरच, शवपेटीशिवाय, पुढची कित्येक दशकं तिथेच राहिली. 2007 मध्ये इजिप्शियन पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या पथकानं तीच हत्शेपसूत असल्याचं जाहीर केलं. आधार होता तिच्या नावाच्या लाकडी पेटीत मिळालेल्या एका दाढेचा. सीटी स्कॅनमध्ये या ममीच्या जबड्यात एक दाढ नव्हती, मूळ तेवढं उरलं होतं, आणि पेटीतली दाढ तिथे जुळत होती. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. पेटीतली दाढ खालच्या जबड्याची असून ममीची रिकामी जागा वरच्या जबड्यात आहे, असा त्यांचा आक्षेप आहे.

काचेखाली पन्नाशीच्या आसपासची, शरीरानं जड बाई आहे. मधुमेह असावा, हाडांत कर्करोग पसरला होता, असं तपासणीत दिसलं. डावा हात राजघराण्यातल्या बाईसारखा छातीवर दुमडलेला, उजवा बाजूला सोडलेला. देवळातल्या सडपातळ, कधीही न म्हाताऱ्या होणाऱ्या पुतळ्यांनंतर हे पाहायला येणं बरोबर आहे, उलट क्रमानं येऊ नका. किमान चाळीस मिनिटं ठेवा. गट बाहेर पडला की मधली दोन-तीन मिनिटं दालन रिकामं होतं. तेव्हा काचेच्या डोक्याकडच्या बाजूला उभं राहावं, तिथून चेहरा दिसतो, आणि तोंड किंचित उघडं आहे.